पान उघडत नाही

नाशिक रोड
३ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद.

काकाचं पत्र बघून तुला नवल वाटेल. हातात फोन असताना पत्र कशाला, असं मनात येईल. कारण आहे. हे वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस, मेसेज तर अजिबात नको. उत्तर पोस्टानेच दे. आमच्या घरातल्या नेटवर कुणाचा तरी हात फिरतोय, अशी माझी खात्री झाली आहे. ज्याला नेटमध्ये शिरता येतं त्याला फोनमध्ये शिरायला कितीसा वेळ?

तक्रार अशी. हल्ली कॉम्प्युटरवर काही पानं उघडतात, काही उघडत नाहीत. बातम्या उघडतात. रेल्वेचं वेळापत्रक उघडतं. तुझ्या काकूची भजनं तर हवी तेवढी लागतात. पण मी एखादी माहिती शोधायला बसलो की नावं समोर येतात, त्यातल्या एकावर टिचकी मारली की ते गोल चक्र फिरत राहतं, आणि मग पान उघडत नाही असं इंग्रजीत लिहून येतं. दुसऱ्यावर मारली तरी तेच. तिसरं फटकन उघडतं, पण त्यात कामाचं काही नसतं. नेट सरसकट बंद असतं तर मी कंपनीशी भांडलो असतो. हे निवडून बंद केलेलं आहे.

नोटांच्या प्रेसमध्ये तपासणी विभागात माझं सगळं आयुष्य गेलं. कागदावरचा डाग यंत्राचा की माणसाच्या बोटाचा, हे मला नुसतं बघून कळायचं. हा डाग बोटाचा आहे.

संक्रांतीला तू आलीस, वायफायची नवी पांढरी डबी बसवून दिलीस, तेव्हा सगळं सुरळीत होतं. म्हणजे गडबड त्यानंतरची. घरात मी आणि काकू. आमचा राज नोकरीला बंगळुरूला. गच्चीवरच्या खोलीत आशा म्हणून एक नर्स भाड्याने राहते, हरसूलकडची. तिच्याकडे आपला पासवर्ड आहे. तूर्त एवढंच लिहितो.

काकूला यातलं काही बोलू नकोस, उगाच घाबरेल. थंडीने बोटं आखडतात, त्यामुळे अक्षर बारीक आलंय. सांभाळून घे.

तुझा,
पुंजाराम काका

*

पुणे
८ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ऑफिसात सगळे विचारत होते, कुणाचं पत्र आलं म्हणून! मीही दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुकाच शोधते, तेव्हा तुमची तपासणीची नजर माझ्याकडे थोडी आली असावी.

काका, आधी साध्या गोष्टी बघू. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ बरोबर आहे ना? ती चुकीची असली की बऱ्याच साइट दार उघडत नाहीत. मग ब्राउझरमध्ये साठलेली जुनी पानं पुसून टाका. ती साठत गेली की नवं पान अडतं. दुसरा एखादा ब्राउझर घालून तीच पानं त्यात उघडून बघा. अँटिव्हायरस पुष्कळदा नको तिथे नाक खुपसतो, तो थोडा वेळ बंद करून पाहा. शेवटी कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. हसू नका, निम्मे आजार त्यानेच बरे होतात.

आणि नक्की कोणती पानं उघडत नाहीत ते कळवाल का?

आशाताईंवर मात्र एवढ्यात संशय घेऊ नका. पासवर्ड असला म्हणून कुणी तुमच्या कॉम्प्युटरात शिरत नाही.

अक्षर खरंच बारीक आलंय, काका. पहिली ओळ मोठी आणि शेवटची मुंगीएवढी. हाताला काही होतंय का? थंडी तर आता ओसरली.

तुमची,
भाग्यश्री

*

नाशिक रोड
१४ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तू सांगितलंस ते सगळं केलं. तारीख बरोबर आहे. जुनी पानं पुसली, त्यात काकूच्या भजनांचे पत्तेही गेले, ती बातमी तिला अजून कळलेली नाही. नवा ब्राउझर घातला. त्यातही तीच पानं अडतात. अँटिव्हायरस बंद केला. तीच अडतात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरीही तीच. याचा अर्थ दोष ब्राउझरचा नाही आणि अँटिव्हायरसचाही नाही. कुणीतरी माझ्या पाठीमागे उभं राहून मी काय वाचावं ते ठरवतंय.

कोणती पानं ते विचारलंस. माहितीची आहेत. त्याने काय फरक पडतो?

आता ऐक. परवा सकाळी मी गच्चीवर टाकी बघायला गेलो होतो. आशा ड्यूटीवरून आली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, उजव्या हाताला हे कधीपासून होतंय?" मी हात खिशात घातला. म्हटलं, कशाला? तर म्हणे, "नाय, सहज. डॉक्टरांना दाखवलंय ना?"

सहज! या हाताबद्दल मी घराबाहेर कुणाला एक अक्षर बोललेलो नाही. राजलाही नाही. मी काय शोधतो ते फक्त त्या पडद्याला माहीत. मग हिला कसं कळलं? वर आणखी काय म्हणाली बघ. "काका, तुमच्या वायफायवर माझ्या हॉस्पिटलचं ड्यूटीचं पानपण उघडत नाय." ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून आधीच तक्रार करून ठेवायची.

मी तिला खोली सोडायला सांगितलं. कारण सांगितलं नाही, पण तिने विचारलं तेव्हा तोंडातून गेलंच की या घरात मला पाळत नको आहे.

आजकाल घरातली कुठलीच वस्तू पूर्वीसारखी वाटत नाही. औषधाच्या गोळ्यांचाही रंग बदलल्यासारखा वाटतो. हात म्हणशील तर ठीक आहे.

काका

*

नाशिक रोड
१७ फेब्रुवारी

चि. भागूस काकूचा आशीर्वाद.

हे पत्र मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडून पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितेय. माझा फोन ह्यांनी कपाटात ठेवलाय, तपासायचा हाय म्हणे. कुलूप लावून.

तू संक्रांतीला माझ्या सांगण्यावरून त्या डबीत ती आजारांची पानं अडवून दिलीस, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तुला ठाऊक हाय, कंपवाताचं नाव डॉक्टरांनी घेतल्यापासून हे दिवसदिवस त्या पडद्यापुढेच. जेवायला हाक मारली तर ओ नाय. गोळीने काय काय वाईट होतं ते वाचलं आणि गोळीच बंद केली. मोगऱ्याच्या कुंडीत टाकत होते, पाणी घालताना मला सापडल्या. म्हणून तर तुझ्या पाया पडले मी. पानं अडली तर मन हटेल, गोळी घेतील, असं वाटलं.

पहिले चार दिवस घेतलीही. पण आता उलटच झालं गं. पान उघडत नाय म्हणून नेटवर संशय, नेटवरून आशावर, आशावरून गोळ्यांवर. काल म्हणाले, ह्या गोळ्या त्याच हायेत कशावरून? कुंडीत पुन्हा सापडली.

आशा आज सकाळी गेली. बॅग घेऊन खाली आली, माझ्या पाया पडली, ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाय. पोरगी लय गुणी होती. माझं बीपी तीच बघायची. मी दाराआड उभी राहून तिचा अपमान ऐकला आणि तोंड उघडलं नाय. उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तू हुशार हायेस. ह्यांना काहीतरी असं लिही की आशावरचा संशय जाईल आणि डबीचंही कळायचं नाय. माझं नाव घेऊ नकोस. माझ्यावरचाही विश्वास उडाला तर ते गोळी घेणार कुणाच्या हातून?

तुझी काकू,
वत्सला

*

पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना नमस्कार.

काका, मी अगदी खात्रीने सांगते, आशाताईंचा यात काही संबंध नाही. त्या नर्स आहेत. तुमचा हात त्यांना समोर दिसला, म्हणून त्यांनी विचारलं. त्यासाठी कुणाचा कॉम्प्युटर बघायला लागत नाही. त्यांना परत बोलवा.

पानांचं म्हणाल तर तुमचा कॉम्प्युटर जुना झाला आहे. नव्या साइट जुन्या मशीनवर कधी चालतात, कधी नाही. मी एप्रिलमध्ये येईन तेव्हा नवीनच घेऊ. तोपर्यंत कॉम्प्युटरमागची वायर काढून घट्ट बसवून बघा, आणि जमलं तर काही दिवस त्याच्यासमोर बसूच नका. सकाळी देवी चौकापर्यंत फिरून या.

गोळ्यांचं लिहिलंत ते मला आवडलं नाही. रंग बदलल्यासारखा वाटला तर दुकानदाराला दाखवा, पण बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, प्लीज.

तुमची,
भाग्यश्री

*

नाशिक रोड
१ मार्च २०२५

चि. भाग्यश्री,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधीचंही काढून शेजारी ठेवलं.

पहिली गोष्ट. गोळ्या बंद केल्याचं मी तुला लिहिलं नव्हतं. रंग बदलल्यासारखा वाटतो, एवढंच लिहिलं होतं. "बंद करू नका" हे तुला कुठून सुचलं?

दुसरी गोष्ट. "अगदी खात्रीने सांगते." पुण्यात बसून एवढी खात्री एकालाच असू शकते. खरा चोर ज्याला माहीत आहे, त्याला.

तिसरी गोष्ट. तू मला सगळीकडे पाठवलंस. तारीख, जुनी पानं, ब्राउझर, अँटिव्हायरस, मागची वायर. कॉम्प्युटरातला एक कोपरा सोडला नाहीस. पण त्या पांढऱ्या डबीचं नाव दोन्ही पत्रांत नाही. ती बंद करून चालू करा, एवढं तर नेटवाल्याचं पोरही पहिल्या वाक्यात सांगतं.

मग मला आशाचं बोलणं आठवलं. तिच्या हॉस्पिटलचं पान तिच्याच फोनवर आमच्या घरात उघडत नव्हतं. तिचा फोन आणि माझा कॉम्प्युटर यांत सारखं काय? फक्त ती डबी. परवा तुझे वडील मळ्यातून कोबी घेऊन आले होते. त्यांचा फोन मागून घेतला. मला हवं ते पान आमच्या वायफायवर लावलं, उघडलं नाही. वायफाय काढून त्यांच्या स्वतःच्या नेटवर लावलं, लगेच उघडलं. दादा म्हणाला, "पुंज्या, कशाचं पान आहे हे?" मी म्हटलं, टोमॅटोवरच्या रोगाचं.

ते गेल्यावर नेट कंपनीच्या माणसाला बोलावलं. डबीच्या पाठीवर छापलेल्या पासवर्डनेच आतलं पान उघडलं. लबाडी करायची तर कुलूप तरी बदलायचं होतंस! आत माझ्या आजाराचं इंग्रजी नाव होतं. खाली हेल्थ होतं, मेडिकल होतं. आशाच्या हॉस्पिटलच्या साइटच्या पत्त्यातही हेल्थ आहे, म्हणून तिचं पानही अडत होतं. तो माणूस म्हणाला, "काका, लहान मुलं आहेत का घरात? मुलांसाठी करतात असं." मी हो म्हटलं.

काही काढलं नाही, सगळं तसंच ठेवलंय. घरात कुणाला बोललो नाही. तुझी काकू समोर येऊन पाणी ठेवते तेव्हा मी तिच्या हाताकडे बघतो. चाळीस वर्षं त्या हातचं खाल्लं, आणि आता भाजीचा पहिला घास तोंडात जरा वेळ धरून ठेवतो. हे तू केलंस.

सरळ उत्तर दे. कुणाच्या सांगण्यावरून?

पुंजाराम

*

पुणे
५ मार्च २०२५

ती. काका,

काकूंच्या सांगण्यावरून. डबीत ते शब्द मी घातले.

रागवा, पण पुढचंही वाचा. तुम्ही गोळी बंद केलीत आणि ती मोगऱ्याच्या कुंडीत टाकत होता. कुंडीतल्या गोळ्या काकूंनी मला ओंजळीत दाखवल्या. तुम्हाला समजावायला गेलं तर तुम्ही म्हणाला असता, मला काही झालेलंच नाही. मग आम्हाला सुचलं ते आम्ही केलं.

पण आशाताईंना जावं लागलं, हे सुचून केलेलं नव्हतं. तिथे मी एका वाक्यात खरं लिहायला हवं होतं, आणि मी तुम्हाला वायर घट्ट करायला सांगितली.

डबीच्या त्याच पानावर प्रत्येक शब्दापुढे फुलीचं चिन्ह आहे. ते दाबा, शब्द निघून जाईल. मग खाली सेव्ह दाबा आणि डबी एकदा बंद करून चालू करा. सगळी पानं उघडतील. पासवर्ड बदला आणि मला सांगू नका.

काकूंना मात्र एकदा विचारा. ओरडण्याआधी विचारा.

भाग्यश्री

*

नाशिक रोड
२४ मार्च २०२५

चि. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पहिले काही दिवस राग होता, मग गाठीभेटींत वेळ गेला.

तुझं पत्र आलं तेव्हा काकू ओट्यावर मेथी निवडत होती. मी समोर बसलो. म्हटलं, "डबीचं तू सांगितलंस?" तिचा हात थांबला. मला वाटलं होतं नाही म्हणेल, रडेल. ती म्हणाली, "हो."

"का?"

"तुम्ही त्या पडद्यातल्या म्हाताऱ्यासारखे चालायला लागलात, म्हणून."

मला कळेना. मग तिने सांगितलं. संक्रांतीच्या आधी मी एक व्हिडिओ बघत होतो. पंधरा वर्षं हा आजार असलेला एक माणूस त्यात पाय घासत चालतो. ती मागून चहा घेऊन आली होती. दुसऱ्या दिवसापासून, म्हणे, मी तसाच पाय ओढायला लागलो. "आजार एका हातात होता," ती म्हणाली, "तुम्ही तो वाचूनवाचून पायात आणला."

मी ओरडलो. तू सांगितलं होतंस तरी ओरडलो. म्हटलं, आजार माझा, शरीर माझं, मी काय वाचायचं ते तू कोण ठरवणार? मला काय दूधखुळा समजलीस? एका निर्दोष बाईला माझ्या हातून घराबाहेर काढवलंस. ती सगळं ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "आशाचं पाप माझंच हाय. तिच्याकडे मी जाते." मी म्हटलं, बोललो मी, जाणार मी.

आशा रजा घेऊन गावी गेल्याचं तिच्या हॉस्पिटलात कळलं. सीबीएसवरून हरसूलची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. घाटात दांडा धरून उभा होतो, माझा हात थरथरत होता आणि सगळे बघत होते. एक बाई उठली, "बसा बाबा" म्हणाली. मी बसलो. हात लपवला नाही, कारण दुसऱ्या हाताने समोरचा दांडा धरला होता, लपवायला तो मोकळाच नव्हता.

तिचं घर पाड्यावर, हरसूलच्या पुढे. वडील काळूभाऊ अंगणात खाट विणत होते. आई भागीबाई पाणी घेऊन आली. त्यांना वाटलं हॉस्पिटलातले कुणी साहेब आलेत. आशा दारात आली आणि तिथेच थांबली.

मी म्हटलं, "आशा, तुझी काही चूक नव्हती. माझ्याच घरच्यांनी ते केलं होतं. मी तुला नको ते बोललो."

ती म्हणाली, "काका, आई रोज विचारते, एवढी चांगली खोली का सोडली. मी सांगते, भाडं वाढवलं. तुम्ही मला चोर ठरवलं, हे तिला कसं सांगू?"

भागीबाई तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता तांब्या उचलून आत नेईल. ती आत गेली, आणि नागलीची भाकर आणि उडदाची आमटी घेऊन आली. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "लांबून आलास. जेव. मग तिच्याशी बोल."

मी भाकरीचा पहिला घास घेतला. तो घास मी तोंडात धरून ठेवला नाही.

आशा परत आमच्याकडे राहायला येणार नाही. तिने दुसरी खोली घेतली आहे. मी आग्रह केला, तर म्हणाली, "नको काका. मला पुन्हा जिना चढताना तेच आठवेल." बरोबर आहे तिचं. पण एसटीपर्यंत सोडायला आली, आणि वाटेत माझं चालणं बघून म्हणाली, "पाय उचला. मोठा टाका. हा हात बाजूला हलू द्या. अजून तुम्हाला पुष्कळ चालता येतंय." गोळी कधी घ्यायची, जेवणाच्या किती आधी, ते नीट समजावलं. डॉक्टरांनीही समजावलं असेल, पण तेव्हा मी ऐकत नव्हतो. गोळी आता घेतो आहे. काकूच्या हातून घेतो.

राजलाही फोन करून सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात येतोय.

आता डबीचं. शब्द काढायचं मी टाळत होतो. परवा दुपारी जेवणं झाली तेव्हा काकूच म्हणाली, "काढून टाका ते." तू लिहिलंस तसं फुलीवर दाबत गेलो. डबी बंद करून चालू केली. काकू माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. ती कधी कॉम्प्युटरपुढे बसत नाही, भजन लावलं तरी स्वयंपाकघरातूनच ऐकते. मी म्हटलं, "आता उघडेल. काय बघायचं?"

ती म्हणाली, "मला एकच विचारायचं हाय. विचारता येतं का त्याला?"

"विचार."

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्या आजारात माणूस शेवटपर्यंत बायकोला ओळखतो ना?"

तेव्हा मला कळलं की ही पानं तिने माझ्यासाठी अडवली होती, तशी स्वतःसाठीही. ती माझ्याइतकीच घाबरली होती, आणि घाबरायला तिला माझ्यासारखं काही वाचायलाही लागलं नव्हतं. इतके दिवस ती घरात मागेपुढे करायची, ते मला पाळत वाटत होतं.

मी टाइप केलं. एका बोटाने, चुकत, पुसत. पान उघडलं. मराठीत होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की पुष्कळ रुग्णांची स्मृती चांगली राहते. मी ते मोठ्याने वाचलं. पुढच्या ओळीवर माझी नजर आधीच गेली होती. तिथे लिहिलं होतं की काही जणांना मात्र पुढे विसर पडू लागतो, माणसं ओळखण्यातही अडचण येते.

भाग्यश्री, खरं सांगतो, तिथे मी थांबलो. पहिली ओळ तिला पुरली असती. तिला वाचता येतं, पण चष्मा देवघरात होता. मी पान बंद केलं असतं तर तिला कळलंही नसतं.

मी दुसरी ओळ वाचली. सगळी वाचली.

तिने पदराने टेबलावरची धूळ पुसली, जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली. माझा उजवा हात थरथरत टेबलावर होता, त्यावर तिने तिचा ठेवला. थरथर थांबली नाही, दोघांचेही हात हलायला लागले.

मग ती म्हणाली, "पुढचं वाचा."

तुझा,
पुंजाराम काका